चौथ्या रांगेपासून मागे

करारावर सही करून अंबादास यमुलनं पेन टेबलावर टाकलं. "एवढंच ऐकतो तुझं. यापुढं नाटक कसं करायचं ते तू मला सांगायचं नाही."

"मी नाटकाबद्दल बोलतच नाहीये," संजीवनी बिराजदार म्हणाली. "मी खुर्च्यांबद्दल बोलतेय."

"तेच की. आज खुर्च्यांबद्दल बोलशील, उद्या नाटकाबद्दल. तुझी रीत मला ठाऊक आहे."

दोघांची ओळख कॉलेजातल्या एकांकिकांपासूनची, म्हणून बोलणं असं होतं. तो लिहायचा आणि बसवायचा. ती टेम्पो ठरवायची, सामान उतरवून घ्यायची, परीक्षकांच्या चहाचं बघायची. पुढं तो नाटककार झाला आणि ती पुण्याला जाऊन कला-व्यवस्थापन शिकून आली. नातेवाईक विचारायचे, "म्हणजे तू नाटकात काम करतेस?" ती म्हणायची, "नाटकात नाही, नाटकाचं." सोलापुरात एका बंद गिरणीच्या जागेवर मेघडंबरी नाट्यसंकुल उभं राहिलं, तेव्हा संचालनाची सगळी जबाबदारी तिच्यावर आली. तारखांचं वाटप, कामगारांच्या पाळ्या, अग्निशमनाचा परवाना, कँटीनचा ठेका, स्वच्छतागृहातलं पाणी. पडदा वर जातो तो नटामुळं नव्हे, बॅटऱ्या भरलेल्या असतात म्हणून, असं तिचं रोखठोक मत होतं. गेल्या कित्येक वर्षांत तिनं एकही प्रयोग खुर्चीत बसून पाहिला नव्हता. ती मागच्या दाराशी उभी असायची, नाहीतर ध्वनिकक्षाच्या काचेआड.

आता वाद होता तो 'निजध्वनी' नावाच्या नव्या खुर्च्यांवरून. कंपनीचा माणूस ओंकार सबनीस यानं त्यातलं विज्ञान दोघांना सोपं करून सांगितलं होतं. नट बोलतो तो आवाज हवेतून चालत येतो, आणि आवाज तसा फार वेगाचा प्रवासी नव्हे. रंगमंचावरून मधल्या रांगेपर्यंत यायला त्याला सेकंदाचा एक बारीकसा तुकडा लागतो. नटाच्या कॉलरमधल्या माइकमधून निघालेला विजेचा संदेश मात्र त्याच्या आधीच खुर्चीपाशी पोचलेला असतो. मधे जो वेळ मिळतो, तेवढ्यात खुर्चीच्या पाठीतलं यंत्र त्या आवाजाची उलटी लाट तयार करतं. खरी लाट येते, उलटी तिला भेटते, दोन्ही एकमेकींना पुसून टाकतात. डोक्याभोवती वीतभर शांतता उरते. त्या शांततेत यंत्र त्याच नटाच्या आवाजात, त्याच चढउतारांनी, दुसऱ्या भाषेतलं वाक्य सोडतं. संहिता आधीच भरलेली असल्यामुळं पुढचं वाक्य त्याच्याजवळ तयार असतं. शेजारच्याचं हसणं, टाळ्या, खोकला हे सगळं येऊ देतात, म्हणजे माणसाला एकटं वाटत नाही.

"पहिल्या तीन रांगांना मात्र हे जमत नाही," सबनीस म्हणाला होता. "तिथं आवाज फार लवकर पोचतो, यंत्राला वेळच मिळत नाही. त्यांना अस्सल ऐकावं लागतं."

"ऐकावं लागतं म्हणे," अंबादास पुटपुटला होता.

तरी त्यानं सही केली, ती त्याच्या आईमुळं. नरसूबाईंना तेलुगूच यायचं, मराठी बाजारापुरती. संजीवनीच्या आईचं, अव्वाचंही तेच, फक्त भाषा कन्नड. चाचणीच्या दिवशी दोघी म्हाताऱ्या शेजारी शेजारी बसल्या आणि नटी इंदुमतीचा एकच प्रवेश दोघींनी आपापल्या भाषेत ऐकला. प्रवेश संपल्यावर नरसूबाई मुलाला म्हणाल्या, "इंदूला तेलुगू कधी आलं रे?" अव्वा तर पदर डोळ्याला लावून बसली होती. इतकी वर्षं लेकीच्या थिएटरात ती फक्त माणसांचे हातवारे बघून घरी जात होती. त्या दिवसापासून दोघींची मैत्री जमली. नरसूबाई पेठेत राहायच्या, अव्वा पाण्याच्या टाकीकडच्या वस्तीत. मोडक्या मराठीत दोघी रोज फोनवर बोलू लागल्या.

अंबादासच्या नाटकाचं नाव होतं 'पाळी'. शहरात पाणी पाळीनं येतं, एका गल्लीची पाळी दुसरीच गल्ली खाते, आणि पाण्यासाठी धावलेली एक पोरगी टँकरखाली सापडते. शेवटी तिची आई गंगव्वा रंगमंचाच्या कडेला येऊन प्रेक्षकांकडं बघत म्हणते: "माझी पोर रस्त्यावर पडली तेव्हा तुम्ही खिडकीत होता. तुमच्या घरात पाणी भरलेलं होतं. तुम्ही बघितलंत, आणि खिडकी लावून घेतलीत." गंगव्वाचं काम इंदुमती सरवदे करायची. हे वाक्य ती कधीच ओरडायची नाही. साधं म्हणायची, आणि एकेका माणसाच्या तोंडाकडं बघायची.

पहिल्या महिन्यातच तक्रारी आल्या. पैसे देऊन शिव्या कोण खाईल, असं लोक लिहीत होते. एका संघटनेनं निवेदन दिलं. मध्यंतरानंतर माणसं उठून जाऊ लागली.

विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष जयकुमार कासेगावकर यांनी संजीवनीला आणि सबनीसला बोलावून घेतलं.

"राज्यातली आठ नाट्यगृहं आपल्या मंडळाला चालवायला मिळतायत," ते म्हणाले. "त्या सगळ्यांचं संचालन कोण बघणार, ते नाव मी अजून वर कळवलेलं नाही. आणि इथं मात्र दाराशी निदर्शनं होतायत. बिराजदार, त्याला सांगा, ते वाक्य काढ."

"तो एक शब्द बदलायचा नाही, साहेब. मी ओळखते त्याला."

"मग नाटक उतरवा."

सबनीस हळूच म्हणाला, "त्यांनी बदलायची गरज नाही. यंत्र भाषा बदलतं, तसं वाक्यही सौम्य करू शकतं. नटी तेच बोलेल. ऐकणाऱ्याला फक्त 'तुम्ही'च्या जागी 'ते' ऐकू येईल. 'ते खिडकीत होते. त्यांनी बघितलं.' मॅडमनी यंत्राला उद्दिष्ट द्यायचं: तक्रारी कमीत कमी, आणि खुर्चीतून कोणी उठता कामा नये. बाकी ते स्वतः शिकतं."

संजीवनीनं थोडा वेळ विचार केला. नाटक उतरलं तर अंबादासचं वर्ष फुकट जाणार होतं, इंदुमतीचं काम जाणार होतं. आठ नाट्यगृहंही डोळ्यांसमोर होती, हे तिनं स्वतःपासून लपवलं नाही. एक सर्वनाम तर बदलायचं होतं. हॉलमधला गारवा कमी-जास्त करावा तसं तिनं उद्दिष्ट भरलं आणि अंबादासला सांगितलं नाही.

नाटक धो धो चालायला लागलं. इंदुमतीच्या त्या वाक्यावर टाळ्या पडू लागल्या.

टाळ्यांनीच अंबादासला संशय आला. एका प्रयोगानंतर तो तिच्या केबिनमध्ये शिरला तो उभाच राहिला.

"पुढच्या तीन रांगा मेल्यासारख्या बसतात आणि चौथीपासून मागं लोक खुशीत टाळ्या वाजवतात. असं का?"

"पुढं पासवाले असतात. फुकट आलेला माणूस टाळी देत नाही."

"माझ्या वाक्यावर टाळी कशी पडते, ते सांग. आरोप आहे तो. थोबाडीत खाल्ल्यावर कोण टाळ्या वाजवतं?"

"लोकांना पटतं म्हणून वाजवतात. तुला यश सोसत नाही, अंबादास. अपयशाची सवय लागलीय."

त्याचा चेहरा एकदम पडला. हे वाक्य कुठं लागेल हे ठाऊक असूनच ती ते बोलली होती. "असेल," तो म्हणाला. "पण तू आत्ता माझ्याकडं बघत नाहीयेस." आणि निघून गेला.

त्यानंतर दोघं कामापुरतं बोलायला लागले, तेही दुसऱ्या कोणाच्या तोंडून.

मग म्हाताऱ्यांचं बिनसलं. संजीवनी संध्याकाळी घरी आली तेव्हा अव्वा फोनवर कन्नडमध्ये तणतणत होती. पलीकडून नरसूबाई तेलुगूत. एकीचं दुसरीला अक्षर कळत नसणार, पण सूर दोघींना कळत होता. अव्वानं फोन आपटला.

"काय झालं?"

"त्या बाईशी मी पुन्हा बोलणार नाही. तिच्या लेकानं नाटकात स्वच्छ लिहिलंय, पेठेतल्या लोकांनी पाणी पळवलं आणि पोरगी मरताना खिडकीतून बघत राहिले. मी एवढंच म्हणाले की तुम्ही पेठेतले पहिल्यापासून तसलेच. तर ती मलाच म्हणते, माझ्या लेकानं टाकीकडच्यांचं लिहिलंय. म्हणजे आपलं. इतकं खोटं बोलावं माणसानं?"

"अव्वा, नाटकात कुठल्याच भागाचं नाव नाही."

"मी माझ्या कानांनी ऐकलंय. दोनदा."

संजीवनी खाली बसली. पेठ आणि टाकी यांच्यातलं पाण्याचं भांडण जुनं होतं. पण ते गल्लीतलं भांडण होतं, नाटकातलं नव्हे.

पुढच्या प्रयोगाला ती पहिल्यांदा खुर्चीत बसली, बाराव्या रांगेत, स्वतःच्या फोनवर तिकीट काढून. इंदुमती कडेला आली. लांबून तिचे ओठ नीट दिसत नव्हते. आवाज मात्र अगदी कानाशी होता, तिचाच, तसाच खालच्या पट्टीतला: "माझी पोर रस्त्यावर पडली तेव्हा पेठेतले खिडकीत होते. त्यांच्या घरात पाणी भरलेलं होतं." हे नाव संजीवनीनं यंत्राला दिलेलं नव्हतं. तरी लाज वाटावी असं एक सुख अंगातून गेलं. आपण त्यात नाही, याचं सुख. तिनं बघितलं, शेजारचा माणूस टाळ्या वाजवत होता. तिनं त्याला विचारलं, "आत्ता काय म्हणाली ती?"

"टाकीकडच्यांची चांगली सालटी काढली की," तो म्हणाला. "खरंय ते. तुम्ही कुठल्या?"

ती उठून ध्वनिकक्षाकडं धावली, पण पडदा पडला होता आणि माणसं कँटीनकडं निघाली होती. आत जे ज्यानं त्यानं ऐकलं, ते तिथं मोठ्यानं बोललं जाऊ लागलं. एकानं दुसऱ्याला खोटारडा म्हटलं. दुसऱ्यानं त्याच्या हातातला चहा उडवला. पार्किंगच्या जिन्यावर ढकलाढकली झाली आणि टाकीकडचा एक शिक्षक, दादाराव होटकर नावाचा, पायऱ्यांवरून खाली गेला. त्याचं डोकं कठड्यावर आपटलं. संजीवनीनंच रुग्णवाहिका बोलावली. तो जगला, पण त्याची वाचा गेली ती बरेच महिने परत आली नाही.

"मी 'सौम्य' सांगितलं होतं," ती सबनीसला म्हणाली. "भागांची नावं कोणी घातली?"

"कोणीच नाही," सबनीस म्हणाला. त्याचाही रंग उडाला होता. "तुम्ही सांगितलं, तक्रार नको आणि उठणं नको. 'ते' म्हटल्यावर तक्रारी कमी झाल्या, पण संपल्या नाहीत. 'ते' म्हणजे कोण, असं लोकांच्या मनात राहायचं, ते खुर्चीत चुळबुळ करायचे. खुर्ची चुळबुळ मोजते, श्वास मोजते. मग यंत्रानं तिकिटावरचा पत्ता बघितला आणि एकेकाला वेगवेगळं ऐकवून पाहिलं. ज्याला ज्याचा राग आहे त्याचं नाव ऐकू आलं की माणूस शांत बसतो, टाळी देतो. यंत्राला राग म्हणजे काय ते कळत नाही, मॅडम. शांत बसलेला माणूस कळतो."

"कोणाला काय ऐकवलं, ते कुठं साठवलंय?"

"कुठंच नाही. आवाज तिथल्या तिथं बनतो आणि विरतो. रेकॉर्डिंग आहे ते रंगमंचावरच्या माइकचं. त्यात 'तुम्ही'च आहे."

दुसऱ्या दिवशी टाकीकडची माणसं अंबादासच्या घरावर चालून गेली. पेठेतली माणसं त्याच्या बचावाला आली नाहीत, कारण त्यांच्यातही बऱ्याच जणांनी टाकीच्या मित्रांकडून ऐकलं होतं की नाटकात पेठेचंच नाव आहे. भर चौकात कोणीतरी त्याच्या तोंडाला शाई फासली. दोन भागांत तेढ निर्माण केल्याचा गुन्हा त्याच्यावर नोंदवला गेला. रेकॉर्डिंग त्यानं नंतर बदललं, असं लोक म्हणत होते. शपथेवर सांगायला शेकडो माणसं तयार होती, आणि त्यातलं कोणीही खोटं बोलत नव्हतं.

कासेगावकरांनी संजीवनीला एवढंच सांगितलं, "नाटककारानं लिहिलं, नटी बोलली. आपण जागा देतो. जागेवर गुन्हा लागत नाही. तुम्ही गप्प राहिलात तर आठही नाट्यगृहं तुमची."

ती अंबादासकडं गेली. नरसूबाईंनी दार उघडलं, तिला बघितलं आणि आत निघून गेल्या. तो खुर्चीत बसला होता. कानामागं शाईचा निळा डाग अजून होता. तिनं सगळं सांगितलं, काहीही न वगळता.

"झालं?" शेवटी त्यानं विचारलं.

"झालं."

"मला वाटत होतं, मलाच वेड लागलंय. तीन महिने. टाळ्या पडतायत आणि मला रडू येतंय. त्या दिवशी विचारलं तर तुम्ही म्हणालात, यश सोसत नाही." तो 'तुम्ही' म्हणाला, हे तिला लगेच लागलं. "आता माझ्यापाशी कशाला आलात, मॅडम? तुम्ही माझ्या तोंडात दुसऱ्याचे शब्द घातलेत. ते बाहेर काढायचे तर बाहेरच्यांसमोर काढा. माझ्या घरात नको."

चौकशीसाठी समिती नेमली होती. सहायक पोलीस आयुक्त मीनल थोरात तिच्या प्रमुख, आणि दोन्ही भागांचे नगरसेवक सदस्य: टाकीकडचे गुरुनाथ हलसंगी, पेठेतले व्यंकटेश म्याकल. संजीवनीनं लेखी जबाब दिला, पण थोरातबाईंनी तो बाजूला ठेवला. "सौम्य केलं म्हणता, आणि दंगल झाली म्हणता. मला हे समजत नाही."

"मग बघायला या," संजीवनी म्हणाली. "तिघांनी आपापल्या फोनवरून तिकीट काढा आणि दहाव्या रांगेत बसा."

कासेगावकरांना हे कळलं तेव्हा त्यांनी सबनीसला यंत्र बंद करायला पाठवलं. पण संकुलातल्या प्रत्येक दाराची परवानगी त्या दिवसापर्यंत तरी संजीवनीच्या हातात होती. ध्वनिकक्षाचं दार सबनीसला उघडलं नाही. इंदुमती सकाळी एकटी रंगमंचावर उभी राहिली, साध्या साडीत, रंग न लावता, फक्त माइक लावून. अंबादास विंगेत होता. तिनं ते वाक्य म्हटलं.

हलसंगी लगेच थोरातबाईंकडं वळले. "ऐकलंत? पेठेतले म्हणाली ती. मी काय सांगत होतो?"

"काय राव, कान तपासून घ्या," म्याकल म्हणाले. "टाकीकडचे म्हणाली. स्वच्छ."

"समोर बसून खोटं बोलता?"

"तुम्ही बोलता."

दोघं उठून उभे राहिले. थोरातबाई मात्र बसूनच होत्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली होती. "मला 'महापालिकेतले' ऐकू आलं," त्या सावकाश म्हणाल्या. दोघे नगरसेवक, दोघेही महापालिकेतलेच, खाली बसले.

"आता पहिल्या रांगेत या," संजीवनी म्हणाली.

ते आले. इंदुमतीनं पुन्हा तेच म्हटलं. हलसंगींकडं बघून म्हटलं, म्याकलांकडं बघून म्हटलं, थोरातबाईंकडं बघून म्हटलं. "तुम्ही बघितलंत, आणि खिडकी लावून घेतलीत."

पहिल्यांदा बोलले ते हलसंगी. "हे तर त्याहून वाईट आहे."

"फारच," म्याकल म्हणाले. "आमचा काय संबंध? असं लोकांना तोंडावर कसं म्हणता येईल?"

संजीवनी बघतच राहिली. त्या दोघांचं इतक्या दिवसांत पहिल्यांदा एकमत झालं होतं.

अहवाल आला. अंबादासवरचा गुन्हा मागं घेतला गेला. 'पाळी' मात्र प्रेक्षकांचा अवमान करणारं आणि शांततेला बाधक ठरलं, आणि शहरातल्या सगळ्या मोठ्या नाट्यगृहांना त्याचे प्रयोग न घेण्याबद्दल सुचवलं गेलं. 'निजध्वनी'बाबत समितीनं म्हटलं होतं की यंत्र उपयुक्त आहे, उद्दिष्ट देताना काळजी घ्यावी. कासेगावकरांनी संजीवनीला त्याच आठवड्यात काढून टाकलं. सबनीसची कंपनी आठही नाट्यगृहांत पोचली. भागांची नावं आता यंत्र घेत नव्हतं. 'काही लोक' म्हणायचं. 'तुमच्या मनातलं नाटक' अशी जाहिरात होती, आणि हॉल भरत होते.

संकुलाच्या फाटकाशी अंबादास तिला भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "माझ्यावरचा गुन्हा काढलात, मॅडम. नाटकही काढलंत."

तिला दुसरी नोकरी लवकर मिळाली नाही. मालकाच्या विरुद्ध जाणारी संचालन व्यवस्थापक कोणाला हवी असते? शेवटी एका मुलींच्या शाळेनं आपलं सभागृह भाड्यानं द्यायला, सांभाळायला तिला ठेवलं. लग्नाचे स्वागतसमारंभ, योगवर्ग, कधीमधी गॅदरिंग. घरी अव्वा तिच्याशी फारशी बोलत नसे. खरं काय घडलं ते कळल्यावरही तिचा राग गेला नव्हता. ती म्हणाली होती, "खोटं असलं तरी माझ्या भाषेत होतं. आता तुझ्या शाळेच्या हॉलात पुन्हा मी हातवारे बघत बसू?" नरसूबाईंना तिनं दोनदा फोन लावून दिला, पण अव्वानं तो कानाला लावला नाही.

एक दिवस अंबादास शाळेच्या कार्यालयात आला. तिला खुर्चीत बघून दारातच थांबला.

"इथं तुम्ही आहात होय?"

"मीच आहे. काय हवंय?"

"तारीख. मोठे कोणी देत नाहीत."

"कशासाठी?"

"'पाळी'साठी. समितीनं फक्त सुचवलंय. बंदी नाही. बंदी असती तर बरं होतं, भांडता तरी आलं असतं."

"शनिवार मोकळा आहे. पण माइक एकच आहे आणि तो घरघरतो. खुर्च्या पत्र्याच्या आहेत."

"चालेल," तो म्हणाला. "माइक नकोच." मग थोडं थांबून, "प्रयोगात कोणी लुडबुड केलेली मला चालणार नाही."

"प्रयोग तुमचा. दार माझं," ती म्हणाली. आता तीही त्याला 'तुम्ही' म्हणत होती, हे त्यानं ऐकलं. पावती त्यानं खिशात घातली आणि आभार न मानता निघाला.

शनिवारी संध्याकाळी हॉल निम्मा भरला. काही पेठेतले आले होते, काही टाकीकडचे. बरेचसे भांडायच्या तयारीनं आले होते, हे त्यांच्या बसण्यावरून दिसत होतं. इंदुमती शेवटी कडेला आली आणि तिनं ते वाक्य म्हटलं. माइक नव्हता, तरी मागच्या भिंतीपर्यंत ते तसंच गेलं.

आधी काहीच झालं नाही. मग एक पत्र्याची खुर्ची वाजली, मग दुसरी, मग रांगाच्या रांगा उठायला लागल्या. इंदुमती थांबली. ती उठणाऱ्यांकडं बघत उभी राहिली.

संजीवनीनं मागच्या दाराची एक फळी उघडली आणि बाजूला धरून ठेवली. एक वयस्कर गृहस्थ जाता जाता तिच्यापाशी थांबले. "असल्या नाटकाला जागा देता? शाळा आहे ही. लाज वाटत नाही?"

"पायरी तुटलीय," ती म्हणाली. "सांभाळून उतरा."

पन्नासेक माणसं बाहेर पडली, पण फाटकाकडं गेली नाहीत. पटांगणातच उभी राहिली आणि भांडायला लागली. कोणी म्हणत होतं, आम्हाला का बोलते, आम्ही काय केलं? कोणी म्हणत होतं, खिडकीतल्या माणसानं करायचं तरी काय होतं? त्याला दुसरा म्हणत होता, खाली उतरायचं होतं. आवाज चढत होते. पेठ आणि टाकी हे शब्दही ऐकू येत होते, शिव्याही. पण बोलणं सगळं त्या एकाच वाक्यावर होतं, आणि ते काय होतं याबद्दल कोणाचाही वाद नव्हता.

गलका आत यायला लागला. विंगेतून अंबादासनं संजीवनीकडं बघितलं आणि हातानं खूण केली, दार लाव. तिनं मान हलवली. त्यानं पुन्हा खूण केली, या वेळी रागानं. तिनं दाराची दुसरी फळीही उघडली आणि तिला दगड लावून ठेवला.

इंदुमतीनं पुढचं वाक्य सुरू केलं. पटांगणात अजून दोघंतिघं हमरीतुमरीवर होते. मग तिथल्याच कोणीतरी त्यांना दरडावलं, "गप बसा बे, ऐकू द्या."